घरसामान हलवण्याचा खर्च गाडी भरण्याआधीच कागदावर ठरला पाहिजे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घर बदलताना पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीकडून खर्चाचा अंदाज घेणे हे काम बहुतेक कुटुंबे अगदी शेवटी, दोन-चार फोन करून उरकतात, आणि नंतरचे बरेचसे वाद याच घाईतून उभे राहतात. या वादांत दर फार होते अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. तक्रार असते ती आधी सांगितलेला आकडा आणि शेवटी हातात पडलेले बिल यांच्यातील फरकाची, आणि त्याहूनही अधिक, तो फरक कोणत्या वेळी सांगितला गेला याची. सामान गाडीत चढल्यानंतर वाढीव रक्कम सांगितली, तर ग्राहकाला ती मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, हा खर्च सामान प्रत्यक्ष पाहून, वस्तूंच्या यादीसह, लेखी स्वरूपात आणि गाडी भरण्यापूर्वी ठरला पाहिजे, आणि एकदा ठरल्यावर कंपनीला तो बंधनकारक असला पाहिजे.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती खोल्यांचे घर आहे?’ उत्तर मिळाले की लगेच आकडा सांगितला जातो. परंतु खोल्यांच्या संख्येवरून सामान कळत नाही. एकाच मापाच्या दोन घरांपैकी एकात नुकतेच लग्न झालेले जोडपे मोजक्या वस्तूंनिशी राहत असते, तर दुसऱ्यात आजीची शिलाई मशीन, माळ्यावरच्या ट्रंका, जाड लाकडाची कपाटे आणि भिंतभर पुस्तके असतात. या दोघांना जो एकच आकडा सांगतो, त्याने एक तर पहिल्याकडून जास्त घेण्याचे ठरवलेले असते, किंवा दुसऱ्याला पुढे वाढवण्याच्या तयारीने कमी सांगितलेले असते. प्रामाणिक अंदाज या पद्धतीने निघूच शकत नाही.

हा खर्च कशावर बसतो हे ग्राहकाला ठाऊक असले, तर तो योग्य प्रश्न विचारू शकतो. गावातल्या गावात घर बदलायचे असेल, तर मुख्य हिशोब गाडी, माणसे आणि लागणारे तास यांचा असतो. लांबच्या प्रवासात मात्र अंतराबरोबरच सामानाने गाडीत व्यापलेली जागा किंवा सामानाचे वजन मोजले जाते. जागा मोजायची तर प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची धरून घनफूट काढतात. वजन मोजायचे तर रिकामी गाडी आधी वजनकाट्यावर घेतात, मग भरलेली घेतात, आणि दोहोंतील फरक हे सामानाचे वजन धरतात. काट्यावर जाण्यापूर्वी नुसत्या आकारमानावरून वजनाचा अंदाज बांधायचा असेल, तर अमेरिकेतील या व्यवसायात दर घनफुटाला ७ पौंड, म्हणजे दर घनमीटरला सुमारे ११२ किलो, असा ढोबळ हिशोब धरण्याची जुनी पद्धत आहे. ही झाली सरासरी. सोफा जागा पुष्कळ व्यापतो आणि वजनाला हलका असतो. उलट दीड घनफुटाचे लहानसे खोके पुस्तकांनी भरले, तर ते सहज १८ ते २० किलोंचे होते. त्यामुळे आपल्याला वजनावर आकारणी होणार आहे की जागेवर, हा प्रश्न दर विचारण्याच्याही आधी विचारला पाहिजे. पुस्तके आणि लोखंडी कपाटे असलेल्या घराला एक पद्धत महाग पडते, गाद्या आणि सोफे असलेल्या घराला दुसरी.

पाहणी नीट कशी होते, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्याकडे एका कंपनीचे प्रतिनिधी आले, ते दिवाणखान्यात बसलेच नाहीत. त्यांनी प्रत्येक कपाटाचे दार उघडायला सांगितले, बॉक्सच्या पलंगाची फळी उचलून आत काय आहे ते पाहिले, स्टुलावर चढून माळ्यावर नजर टाकली, बाल्कनीतील कुंड्या मोजल्या, आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून एकच प्रश्न विचारला, ‘हे येणार की इथेच राहणार?’ मोठ्या कपाटाला त्यांनी टेप लावला, मग बाहेर जाऊन लिफ्टच्या दाराला लावला. कपाट लिफ्टमध्ये मावणार नव्हते, म्हणून यादीत त्या ओळीपुढे ‘जिन्याने’ असे लिहिले. वॉशिंग मशीन पुढून उघडणारे आहे हे पाहून ते विकत घेताना मागच्या बाजूला लावलेले बोल्ट जपून ठेवले आहेत का, अशीही त्यांनी चौकशी केली. या यंत्राचे पिंप स्प्रिंगवर टांगलेले असते. ते बोल्ट लावून जखडले नाही, तर गाडीच्या हादऱ्यांनी आतले भाग खराब होण्याची भीती असते. शेवटी यादीच्या दोन प्रती झाल्या, दोन्हींवर सह्या झाल्या, आणि आकडा त्यानंतर आला. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीचे प्रतिनिधी आले होते. त्यांनी दारातूनच खोल्यांवर नजर फिरवली आणि आपल्या कार्डाच्या मागे एक रक्कम लिहून दिली. ती पहिल्यापेक्षा बरीच कमी होती, पण ती कोणत्या सामानासाठी आहे याची एकही खूण त्या कार्डावर नव्हती.

व्हिडिओ कॉलवर पाहणी करून घ्यायला माझी हरकत नाही. मात्र त्या वेळी फोन हातात असलेल्या माणसाने घर दाखवायचे नसून सामान दाखवायचे आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. माळा, पलंगाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, गॅलरीतील सायकल आणि दाराबाहेर ठेवलेले चपलांचे कपाट या गोष्टी हमखास राहून जातात, आणि गाडी भरताना ‘सामान जास्त निघाले’ हे वाक्य नेमके यांच्याच जिवावर उच्चारले जाते.

एक गोष्ट कोणताही पाहणी करणारा स्वतः पाहू शकत नाही, ती म्हणजे सामान जिथे उतरवायचे ते घर. ते कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का आणि सामानासाठी ती कोणत्या वेळेत वापरू देतात, मोठी गाडी दारापर्यंत येते की रस्त्यावरच उभी करावी लागते, हे ग्राहकाने आपणहून सांगितले पाहिजे. गल्ली अरुंद असेल, तर मोठ्या गाडीतून लहान गाडीत आणि लहान गाडीतून घरात अशी दुहेरी चढ-उतार होते. तिचे पैसे मागणे अन्यायाचे नाही. ते पैसे उतरवण्याच्या वेळी प्रथमच सांगणे अन्यायाचे आहे. तेव्हा अंदाजपत्रकात दोन्ही पत्त्यांच्या जागांची ही माहिती लिहिलेली असावी, म्हणजे नंतर कोणालाच नवल वाटायला नको.

तसेच, रकमेत काय धरले आहे आणि काय नाही, याचाही उल्लेख हवा. खोकी, बबल रॅप, पुठ्ठ्याचे आवरण आणि चिकटपट्टी यांचे पैसे धरले आहेत का? पलंग व कपाटे सुटी करून तिकडे पुन्हा जोडून देणार का? एसी काढण्यासाठी आणि बसवण्यासाठी तंत्रज्ञ कोण आणणार? तिकडे खोकी उघडून सामान लावून देणार, की नुसती खोलीत ठेवून जाणार? टोल आणि कर रकमेत आहेत की वेगळे? नव्या घराची किल्ली मिळायला उशीर झाला आणि गाडी उभी राहिली, तर ताशी किंवा दिवसाला किती आकारणार? या प्रश्नांची उत्तरे तोंडी नेहमी ‘सगळे आले त्यात’ अशीच मिळतात. तेच उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितले, की त्यातून एकेक गोष्ट बाजूला काढली जाते, आणि मगच दोन कंपन्यांच्या रकमांची खरी तुलना करता येते.

आता ज्या क्षणामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, त्याविषयी. माझ्या नात्यातील एका कुटुंबाचे सामान दुसऱ्या गावी जायचे होते. फोनवर ठरलेली रक्कम, तीही निरोपाच्या एका ओळीत आलेली, एवढाच त्यांच्याकडे पुरावा. सकाळी माणसे आली, दुपारपर्यंत घर रिकामे झाले, गाडीचे मागचे दार बंद झाले, आणि मग देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी वही उघडून सांगितले की सामान अंदाजापेक्षा बरेच जास्त आहे, पायऱ्यांचे वेगळे लागतील, आणि फरकाची रक्कम आत्ताच दिल्याशिवाय गाडी निघणार नाही. त्या वेळी घरमालकाला किल्ली दिलेली होती, लहान मूल कडेवर होते, औषधांचे खोके गाडीत गेले होते, आणि संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्यांनी वाद घातला नाही, पैसे दिले. बाहेरून पाहणारा त्यांना भोळे म्हणेल, पण त्यांच्या जागी कोणताही शहाणा माणूस तेच करील. ज्याच्या ताब्यात तुमचे सगळे घर आहे, त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणे होत नाही. सामान चढवण्यापूर्वी ग्राहक ‘नको’ म्हणू शकतो आणि कंपनीही ‘एवढ्यात जमणार नाही’ म्हणू शकते. दार बंद झाल्यावर ही मोकळीक फक्त एकाच बाजूला उरते. म्हणून वाढ सांगायची असेल, तर ती पहिले खोके घराबाहेर पडण्यापूर्वी सांगितली पाहिजे, हा नियम मला या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

असा नियम करणे अशक्य नाही. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेण्यासाठी केंद्रीय पातळीवर नियम आहेत, आणि त्यांत अंदाजाचे बंधनकारक आणि बंधनकारक नसलेला असे दोन प्रकार मानले आहेत. बंधनकारक अंदाजात ठरलेल्या सामानासाठी आणि सेवांसाठी ठरलेली रक्कमच घेता येते. दुसऱ्या प्रकारात अंतिम आकारणी प्रत्यक्ष वजनावर होते. तरीही सामान ताब्यात देताना कंपनी अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम मागू शकत नाही, आणि त्यावरचे काही येणे असेल तर ते चुकते करण्यासाठी ग्राहकाला किमान ३० दिवस द्यावे लागतात. सामान हलवण्याच्या दिवशी ते जास्त दिसले, तर कंपनीने चढवण्याआधी सुधारित अंदाज लिहून द्यायचा असतो. तसे न करता सामान चढवले, तर जुनाच अंदाज तिने मान्य केला असे समजले जाते. वजनाच्या वेळी काट्यावर हजर राहण्याचा हक्कही ग्राहकाला आहे. एवढे नियम असूनही तिथे फसवणूक होत नाही असे नाही, सामान अडवून ठेवल्याच्या तक्रारी तिथेही होतात. पण तिथल्या ग्राहकाला दारात उभे राहून निदान ‘हे नियमाबाहेर आहे’ असे म्हणता येते, आणि ते म्हणण्यासाठी त्याच्या हातात कागद असतो.

नुकसानभरपाईचा भाग अंदाजाच्या वेळी कोणी विचारत नाही, आणि तो सर्वांत अधिक समजून घेण्यासारखा आहे. ‘सामानाची पूर्ण जबाबदारी आमची’ या आश्वासनाचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या करारात वेगळा असतो. कुठे वजनावर भरपाई ठरते. अमेरिकेतील त्याच नियमांत जो विनाशुल्क पर्याय आहे, त्यात दर वस्तूमागे पौंडाला अवघे ६० सेंट मिळतात. म्हणजे २० पौंडांचा टीव्ही फुटला, तर तो कितीही किमती असो, १२ डॉलर हाती येतात. हलक्या आणि महाग वस्तूंसाठी हा हिशोब किती तोकडा आहे, हे यावरून दिसते. कुठे वाहतूक विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता आपण जाहीर केलेल्या किमतीच्या प्रमाणात बसतो. हप्ता वाचवण्यासाठी पुष्कळजण सामानाची किंमत निम्मी लिहितात. अनेक विम्यांत अशा वेळी नुकसानाचीही निम्मीच भरपाई मिळते, मग फुटलेली वस्तू एकच का असेना. शिवाय खोके ग्राहकाने स्वतः भरलेले असेल, तर बाहेरून ते दबलेले किंवा फाटलेले दिसल्याखेरीज आतल्या फुटलेल्या काचेची जबाबदारी बहुधा घेतली जात नाही. तेव्हा काचसामान कोण बांधणार हे ठरवताना हा मुद्दा लक्षात घ्यावा. कंपनीकडे विम्याचे पैसे भरले असतील, तर त्या विम्याचा कागद मागून घ्यावा. नुसत्या बिलावर ‘विमा’ असा शब्द आणि समोर रक्कम असल्याने विमा उतरला असे सिद्ध होत नाही. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे कोणत्याही परिस्थितीत गाडीत देऊ नयेत.

लांबच्या प्रवासात स्वस्त दर सांगितला जातो, तेव्हा तो बहुधा अनेकांचे सामान एकत्र नेणाऱ्या गाडीचा असतो. यात गैर काही नाही, थोडे सामान असलेल्यांना तो सोयीचाच पडतो. मात्र वाटेत गोदामात सामान उतरवून पुन्हा चढवले जाण्याची आणि पोहोचण्याचा दिवस पुढे-मागे होण्याची शक्यता त्यात असते, आणि ती आधी सांगितली गेली पाहिजे. महिनाअखेरीस, सुट्टीच्या दिवशी आणि शाळांचे वर्ष संपते त्या काळात दर चढे असतात. तारीख आपल्या हाती असेल, तर महिन्याच्या मधला एखादा कामाचा दिवस मागून पाहावा.

आणखी एक प्रकार वाढला आहे. इंटरनेटवर एका ठिकाणी आपला क्रमांक टाकला, की लगेच अनेक ठिकाणांहून फोन येऊ लागतात. त्यांतील काहींकडे स्वतःची गाडी नसते आणि माणसेही नसतात. ते काम घेऊन दुसऱ्याला देतात, आणि ज्याने दर सांगितला तो कामाच्या दिवशी कुठेच दिसत नाही. अंदाज देणारी कंपनी आणि सामान नेणारी कंपनी एकच आहे का, हे विचारून बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, कोणाचे नाव येणार आहे ते लिहून घेतलेले बरे. आगाऊ रक्कम थोडी मागणे रीतसर आहे. पाहणीसुद्धा न करता मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला मात्र काम देऊ नये.

या व्यवसायातील प्रामाणिक माणसांचीही एक बाजू आहे, आणि ती मांडली नाही तर हे पत्र एकांगी होईल. नीट पाहणी करणारा प्रतिनिधी अर्धा दिवस घालवतो, खरी रक्कम सांगतो, आणि कार्डाच्या मागे आकडा लिहून देणाऱ्यापुढे हरतो. कारण ग्राहक फक्त शेवटची रक्कम पाहतो. काही ग्राहक पाहणीच्या वेळी अर्धे सामान ‘हे विकणार आहोत’ म्हणून सांगतात आणि सामान हलवण्याच्या दिवशी तेच गाडीपाशी आणून ठेवतात. हेही बरोबर नाही. तीन ठिकाणांहून अंदाज घ्यावेत, पण तिघांना एकच यादी द्यावी, एकच तारीख सांगावी, आणि तिन्ही रकमा सारख्याच सेवांच्या आहेत ना हे पाहावे. दोन रकमा जवळपास असून तिसरी त्यांच्या निम्म्यावर असेल, तर त्या कंपनीने काय वगळले आहे हे शोधल्याशिवाय तिला काम देऊ नये. इंधन, गाडी आणि मजुरी या गोष्टी सर्वांना साधारण एकाच भावाने पडतात, त्यामुळे एवढा फरक नुसत्या कार्यक्षमतेतून येत नाही.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. या व्यवसायाच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी अंदाजपत्रकाचा एकच छापील नमुना ठरवावा आणि त्यात वस्तूंची यादी, मोजणीची पद्धत, दोन्ही जागांचे वर्णन, समाविष्ट व वगळलेल्या सेवा, करांसह रक्कम, भरपाईची अट आणि ‘गाडी भरण्यास सुरुवात झाल्यावर रकमेत वाढ केली जाणार नाही’ हे वाक्य सक्तीचे असावे. वाहतुकीचे आणि ग्राहकहिताचे नियम करणाऱ्यांनी याच वाक्याला कायद्याचे बळ द्यावे, आणि ठरलेली रक्कम मिळत असताना सामान अडवून ठेवणाऱ्या कंपनीचा परवाना काढून घेण्याची तरतूद करावी.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. ग्राहकांसाठीच्या पानावर असा एक नमुना, कात्रण काढून ठेवता येईल अशा चौकटीत, आपण छापावा. पाहणीला आलेल्या प्रतिनिधीपुढे तो ठेवून ‘एवढे भरून द्या’ असे म्हणणे कोणत्याही वाचकाला जमेल.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक